शरद बिर्धीचंद सारडा वि. महाराष्ट्र राज्य

शरद बिर्धीचंद सारडा वि. महाराष्ट्र राज्य हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी दिलेला फौजदारी अपिलातील निर्णय आहे. पुणे येथील एका नवविवाहितेचा जून १९८२ मध्ये पोटॅशियम सायनाइडच्या विषबाधेने मृत्यू झाला होता. तिच्या पतीने विष देऊन तिचा खून केला, असा आरोप ठेवण्यात आला. सत्र न्यायालयाने त्यास फाशीची शिक्षा दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र आरोप निःसंशयपणे सिद्ध झालेला नाही, असे ठरवून अपीलकर्त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितीजन्य पुरावा, विषप्रयोगाच्या खटल्यांतील सिद्धता आणि मृत व्यक्तीच्या विधानांची ग्राह्यता या तीन विषयांवर हा निर्णय भारतीय कायद्यात मूलभूत मानला जातो.

निकाल: १९८४ (४) सुप्रीम कोर्ट केसेस ११६, ए.आय.आर. १९८४ सुप्रीम कोर्ट १६२२
अपील क्रमांक: फौजदारी अपील ७४५/१९८३
न्यायपीठ: न्या. सय्यद मुर्तझा फझल अली, न्या. ए. वरदराजन, न्या. सब्यसाची मुखर्जी

== पार्श्वभूमी ==

अपीलकर्त्याच्या कुटुंबाचा पुण्यात कापडाचा व्यवसाय होता. कुटुंबाचे राहते घर रविवार पेठेत होते आणि मुकुंदनगर भागात एक सदनिकाही होती. अपीलकर्ता रसायन अभियांत्रिकीचा पदवीधर होता व त्याने भोसरी येथे रासायनिक कारखाना सुरू केला होता. त्याचा विवाह ११ फेब्रुवारी १९८२ रोजी बीड येथील एका तरुणीशी झाला. विवाहानंतर अवघ्या चार महिन्यांनी, ११ व १२ जून १९८२ च्या मधल्या रात्री, मुकुंदनगर येथील सदनिकेत तिचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण पोटॅशियम सायनाइड हे विष असल्याचे निष्पन्न झाले.

त्यामुळे मृत्यू विषाने झाला की नाही हा खटल्यातील मुख्य वाद नव्हता. विष तिच्या शरीरात कसे गेले, हा होता. अभियोग पक्षाच्या म्हणण्यानुसार पतीने ते तिला दिले. बचाव पक्षाचे म्हणणे होते की, तिने ते स्वतः घेतले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मृत्यू घडताना पाहणारा कोणीही साक्षीदार नव्हता. त्यामुळे संपूर्ण खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता.

== खालच्या न्यायालयांतील कार्यवाही ==

पती, त्याचा भाऊ आणि चुलता अशा तिघांवर खून, गुन्हेगारी कट आणि पुरावा नष्ट करणे या आरोपांखाली पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांसमोर खटला चालला. न्यायालयाने तिघांनाही दोषी ठरवले. पतीस भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली फाशी देण्यात आली. कटाच्या आरोपाखाली तिघांना प्रत्येकी दोन वर्षे सक्तमजुरी व दोन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यामुळे शिक्षा कायम करण्याचे प्रकरण, आरोपींची अपिले आणि शिक्षा वाढवून मिळावी यासाठीचा राज्य शासनाचा अर्ज यांची मुंबई उच्च न्यायालयात एकत्रित सुनावणी झाली. उच्च न्यायालयाने भाऊ व चुलता यांना पूर्णपणे निर्दोष सोडले आणि शासनाचा अर्ज फेटाळला. पतीची कटाच्या आरोपातून सुटका झाली, परंतु खुनाची दोषसिद्धी व फाशी कायम राहिली. त्यानंतर पतीने सर्वोच्च न्यायालयाच्या विशेष अनुमतीने अपील दाखल केले. त्याच्या बाजूने ज्येष्ठ विधिज्ञ राम जेठमलानी यांनी युक्तिवाद केला.

== न्यायालयापुढील प्रश्न ==

सर्वोच्च न्यायालयापुढे पुढील प्रश्न प्रामुख्याने होते.

* मृत विवाहितेने मृत्यूपूर्वी लिहिलेली पत्रे आणि आप्तांजवळ केलेली विधाने पुराव्यात ग्राह्य धरता येतात काय?
* केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषसिद्धी करण्यासाठी कोणत्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात?
* विषप्रयोगाने खून झाल्याचा आरोप असल्यास अभियोग पक्षाने नेमके काय सिद्ध केले पाहिजे?
* आरोपीने दिलेले खोटे स्पष्टीकरण त्याच्याविरुद्धच्या पुराव्यातील उणीव भरून काढू शकते काय?

== मृत व्यक्तीची पत्रे व विधाने ==

विवाहानंतरच्या काळात मृत विवाहितेने आपली बहीण व एक मैत्रीण यांना पत्रे लिहिली होती. त्यांतून तिच्या वैवाहिक जीवनातील दुःख आणि आई-वडिलांना काही कळू नये ही तिची धडपड दिसून येत होती. माहेरी आली असताना तिने नातेवाइकांपाशी मन मोकळे केल्याच्या साक्षीही झाल्या होत्या.

सामान्यतः जी व्यक्ती न्यायालयात साक्ष देऊ शकत नाही, तिचे दुसऱ्याने सांगितलेले बोलणे हा ऐकीव पुरावा ठरतो व तो स्वीकारला जात नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ३२(१) मध्ये या नियमाला अपवाद होता. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनाक्रमाची परिणती मृत्यूत झाली त्यातील परिस्थितीविषयी केलेले विधान या कलमान्वये ग्राह्य ठरते. इंग्लंडच्या कायद्यात असे विधान करणाऱ्याला मृत्यू समोर दिसत असणे आवश्यक मानले जाई. भारतीय कायद्यात ही अट नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९३९ मध्ये पाकला नारायण स्वामी प्रकरणात हा फरक स्पष्ट केला होता.

न्या. फझल अली यांनी या तरतुदीचा अर्थ व्यापक लावला. विधान आणि मृत्यू यांमधील कालावधी हा निकष यांत्रिकपणे लावता येत नाही. तो प्रत्येक प्रकरणाच्या परिस्थितीवर अवलंबून असतो, असे त्यांनी म्हटले. मृत्यू ही दीर्घकाळ चाललेल्या एका अखंड घटनाक्रमाची परिणती असेल, तर त्या क्रमातील प्रत्येक टप्प्याशी निगडित विधान ग्राह्य ठरू शकते. विवाहानंतर अल्पावधीतच मृत्यू झाला असेल, तर तीन-चार महिन्यांपूर्वीची विधानेही विचारात घेता येतील. मृत्यू खुनाने झाला की आत्महत्येने, यावरही ही ग्राह्यता अवलंबून नाही. मात्र विधान करणाऱ्याची उलटतपासणी होऊ शकत नसल्याने अशा पुराव्याचे मूल्यमापन अतिशय काळजीपूर्वक केले पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले.

न्या. वरदराजन यांनी या मुद्द्यावर वेगळे मत नोंदवले. मृत्यूस कारण ठरलेली घटना विष दिले जाणे ही होती आणि पत्रांचा व तोंडी विधानांचा त्या घटनेशी थेट संबंध नाही. म्हणून ती ग्राह्य नाहीत, असे त्यांनी ठरवले. अपीलकर्त्याची मुक्तता करण्याबाबत मात्र तिन्ही न्यायमूर्तींचे एकमत होते.

ग्राह्य धरलेली पत्रे अखेरीस अभियोग पक्षाच्या उपयोगी पडली नाहीत. पत्रांतून प्रकट होणारे मन अतिशय संवेदनशील, एकाकी व निराश होते. पतीच्या वागणुकीने ती दुखावली गेली होती, हे त्यांवरून दिसत असले, तरी अशा मनःस्थितीतील व्यक्तीने आत्महत्या केली असण्याची शक्यताही त्याच पत्रांतून पुढे येत होती. खुनाचा हेतू दाखवण्यासाठी सादर झालेला पुरावा अशा रीतीने संशयाचेही कारण ठरला.

== परिस्थितीजन्य पुराव्याचे पंचशील ==

परिस्थितीजन्य पुराव्याचा मूळ नियम सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत वि. मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सांगितला होता. त्याच्या आधारे न्या. फझल अली यांनी पाच तत्त्वे मांडली आणि त्यांना अशा सिद्धतेचे 'पंचशील' म्हटले.

# ज्या परिस्थितींवरून दोषाचा निष्कर्ष काढायचा, त्या पूर्णपणे सिद्ध झालेल्या असाव्यात.
# सिद्ध झालेली तथ्ये केवळ आरोपीच्या दोषीपणाशीच सुसंगत असावीत. अन्य कोणत्याही तर्काने त्यांचा उलगडा होता कामा नये.
# त्या परिस्थिती निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात.
# सिद्ध करावयाच्या तर्काखेरीज इतर प्रत्येक संभाव्य तर्क त्यांनी वगळलेला असावा.
# पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की, आरोपीच्या निर्दोषपणाशी सुसंगत निष्कर्षाला वाजवी आधार उरू नये आणि मानवी व्यवहाराचा विचार करता ते कृत्य आरोपीनेच केले असले पाहिजे, असे दिसून यावे.

पहिले तत्त्व विशद करताना न्यायालयाने शिवाजी साहबराव बोबडे वि. महाराष्ट्र राज्य (१९७३) या निर्णयाचा आधार घेतला. आरोपी दोषी 'असू शकतो' आणि तो दोषी 'असलाच पाहिजे' या दोन विधानांमधील अंतर शब्दांपुरते नसते. त्या अंतरानेच अंदाज आणि खात्रीलायक निष्कर्ष वेगळे होतात. संशय कितीही दाट असला, तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

== विषप्रयोगाच्या खटल्यांतील चार कसोट्या ==

विषप्रयोग बहुधा गुप्तपणे होतो. त्याचा साक्षीदार क्वचितच मिळतो, आणि आत्महत्या, अपघात व खून या तिन्ही शक्यता अनेकदा एकाच प्रकारची वैद्यकीय चिन्हे मागे ठेवतात. म्हणून अशा खटल्यात पुढील चार गोष्टी तपासून मगच दोषसिद्धी करावी, असे न्यायालयाने सांगितले.

# आरोपीला मृत व्यक्तीस विष देण्याचा स्पष्ट हेतू होता.
# मृत्यू आरोपीने दिल्याचे म्हटलेल्या विषामुळेच झाला.
# ते विष आरोपीच्या ताब्यात होते.
# ते देण्याची संधी आरोपीला मिळाली होती.

या प्रकरणात दुसरी गोष्ट मृत्यूच्या वैद्यकीय कारणापुरती सिद्ध होती. पती-पत्नी एकाच घरात राहत असल्याने संधीही होती. परंतु पोटॅशियम सायनाइड अपीलकर्त्याच्या ताब्यात असल्याचा पुरावा नव्हता. विष त्याच्याकडून आले हा दुवा जुळत नसल्याने खून व आत्महत्या या दोन्ही शक्यता खुल्या राहत होत्या.

== खोटे स्पष्टीकरण व न विचारलेले प्रश्न ==

उच्च न्यायालयाने अपीलकर्त्याचा बचाव खोटा असल्याचे गृहीत धरून ती पुराव्याच्या साखळीतील एक कडी मानली होती. सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. अभियोग पक्षाने आपला खटला स्वतःच्या बळावर उभा केला पाहिजे. बचावातील कमकुवतपणाचा लाभ त्यास घेता येत नाही. साखळीतील इतर सर्व कड्या आधीच सिद्ध असतील, ती परिस्थिती आरोपीच्या दोषाकडे पुरेशा निश्चितपणे निर्देश करत असेल आणि ती काळ व स्थळ यांच्या दृष्टीने घटनेच्या निकट असेल, तरच खोटे स्पष्टीकरण जादा कडी म्हणून जोडता येते. निखळलेली कडी तिने भरून काढता येत नाही.

दुसरा मुद्दा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा होता. आरोपीविरुद्ध पुराव्यात आलेली प्रत्येक प्रतिकूल परिस्थिती न्यायालयाने त्याच्यासमोर ठेवून स्पष्टीकरणाची संधी देणे या कलमान्वये आवश्यक असते. या प्रकरणात उच्च न्यायालयाने आधार घेतलेल्या काही परिस्थिती अपीलकर्त्याला विचारण्यातच आलेल्या नव्हत्या. हाटे सिंग भगत सिंग (१९५३) या प्रकरणापासून चालत आलेल्या नियमानुसार त्या पूर्णपणे विचारातून वगळण्यात आल्या.

== निर्णय ==

उपलब्ध पुराव्यावरून दोन निष्कर्ष शक्य असतील, एक दोषाकडे व दुसरा निर्दोषपणाकडे नेणारा, तर आरोपीला अनुकूल असलेला निष्कर्ष स्वीकारला पाहिजे, या तत्त्वानुसार न्यायालयाने अपीलकर्त्यास संशयाचा फायदा दिला. दोषसिद्धी व फाशीची शिक्षा रद्द करून त्याची मुक्तता करण्यात आली. अपीलकर्त्याने खून केला नाही हे सिद्ध झाले की नाही, हा न्यायालयापुढील प्रश्न नव्हता. त्याने तो केला, हे कायद्याला अपेक्षित असलेल्या मर्यादेपर्यंत सिद्ध झाले आहे काय, हाच प्रश्न होता.

== लागू खटल्याशी तुलना ==

विषप्रयोगाच्या खटल्यांच्या अभ्यासात या निर्णयाची तुलना अनंत चिंतामण लागू वि. मुंबई राज्य या प्रकरणाशी केली जाते. त्यातील आरोपी पुण्यातील डॉक्टर होता. त्याच्याबरोबर पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईस निघालेली एक महिला रुग्ण नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईतील रुग्णालयात मरण पावली. रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळले नव्हते. तरीही डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने फाशीची शिक्षा कायम केली. रुग्णालयात मृत महिलेचे खोटे नाव सांगणे, तिचा मृत्यू दडवणे व तिची मालमत्ता हस्तगत करणे या आरोपीच्या वर्तनातून दोषाखेरीज दुसरा अर्थ निघत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. न्या. ए. के. सरकार यांनी मृत्यू अनैसर्गिक असल्याचेच सिद्ध होत नाही, असे भिन्न मत दिले.

लागू खटल्यात विष सापडले नाही, पण परिस्थितीची साखळी पूर्ण मानली गेली. सारडा खटल्यात विष सापडले, पण साखळी अपुरी ठरली. सर्वोच्च न्यायालयाने पुढे भूपिंदर सिंग वि. पंजाब राज्य (१९८८) या प्रकरणात, विष आरोपीच्या ताब्यात असल्याचा पुरावा नाही एवढ्याच कारणावरून प्रत्येक वेळी मुक्तता करता येणार नाही, असे स्पष्ट केले. चार कसोट्यांचा वापर त्यामुळे प्रकरणातील एकूण पुराव्याच्या संदर्भात केला जातो.

== नंतरचे कायदेबदल ==

ही घटना १९८२ मधील असल्याने त्यानंतर विवाहित स्त्रियांच्या संरक्षणासाठी झालेल्या सुधारणा या खटल्याला लागू नव्हत्या. १९८३ च्या दुरुस्तीने पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेसाठी दंड संहितेत कलम ४९८-अ आणि विवाहापासून सात वर्षांच्या आत झालेल्या आत्महत्येस चिथावणी दिल्याच्या गृहीतकासाठी पुरावा अधिनियमात कलम ११३-अ समाविष्ट झाले. १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे कलम ३०४-ब व त्यास पूरक कलम ११३-ब आले. या तरतुदींमुळे ठरावीक परिस्थितीत पुराव्याचा भार आरोपीकडे सरकतो. कलम ३०२ खालील खुनाच्या आरोपात मात्र तो अभियोग पक्षावरच राहतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली असून जुन्या कलम ३२(१) मधील तरतूद आता त्याच्या कलम २६ मध्ये आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ शी समांतर तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ मध्ये आढळते. कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे न्यायनिर्णयांतून आलेली असल्याने त्यांचे महत्त्व कायम आहे. देशभरातील न्यायालये अशा पुराव्यावर आधारित खटल्यांत त्यांचा नियमितपणे उल्लेख करतात.