घरी बसून बी.ए. आणि बाजेचा चौथा पाय

ज्यांच्याकडे मजकूर उघडण्यापुरतीच रेंज येते आणि आवाज अडकत अडकत येतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'आता बघा' थोडे गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर आपल्याच तालुक्यातल्या एका ताईंचा निरोप आला. त्या म्हणतात, "दादा, बारावी होऊन अकरा वर्षं झाली. दोन लेकरं आहेत. इतिहास घेऊन ऑनलाइन बी.ए. करावं म्हणतेय. घरचे म्हणतात, घरी बसून केलेल्या डिग्रीला कोण विचारतं, आणि त्यात आर्ट्स! तुम्ही केलंय ना? खरं काय ते सांगा."

ताई, केलंय. मी पालीचा. राजगडाच्या पाली दरवाज्याला ज्या गावाचं नाव आहे, ते आमचं गाव. बारावीनंतर घरच्या अडचणीने शिक्षण सुटलं. मग दूध गोळा करणाऱ्या गाडीवर काम करत करत आधी बी.ए. आणि नंतर इतिहासात एम.ए. केलं. त्यामुळे आज ऐकीव काही सांगत नाही.

आधी फसलो कसा, ते

पहिल्या खेपेला मी फसलो. शहरातल्या एका खासगी क्लासवाल्याने सांगितलं, "एका वर्षात बी.ए. काढून देतो, परीक्षेचं बघून घेऊ." बारा हजार भरले. दहा महिन्यांनी कळलं की ज्या विद्यापीठाचं नाव त्याने सांगितलं होतं, त्याला या अभ्यासक्रमाची परवानगीच नव्हती. पैसे गेले, वर्ष गेलं. घरी सांगायला तोंड नव्हतं. म्हणून कागदपत्रांचं आधी सांगतो.

एक, पदवी 'खरी' असते का? असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या विद्यापीठाची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे. स्पर्धा परीक्षांना तीच पदवी चालते. पण 'मान्यता असलेल्या' हे दोन शब्द विसरायचे नाहीत. मान्यता विद्यापीठाला हवी आणि त्या अभ्यासक्रमालाही हवी.

दोन, ती कुठे बघायची? यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते. ज्या सत्राला प्रवेश घ्यायचा, त्याच सत्राची यादी बघा. हे का म्हणतो, तर परवानगी बदलते. मानसशास्त्र बघा. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून तो विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केलीय. कुणी आजही 'घरबसल्या मानसशास्त्रात पदवी' विकत असेल तर तिथून उठा.

तीन, २०२४ पासून अशा प्रवेशासाठी डेब आयडी लागतो. आधी एबीसी आयडी काढायचा, मग त्यावर डेब आयडी. दोन्ही फुकट आहेत आणि स्वतःच काढायचे. विद्यापीठांना आपलं शिकवणं ठेक्याने दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून मधल्या माणसाला पैसे देण्याचं काही कारण नाही. प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवरून घ्या आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या.

दूरस्थ वेगळं, ऑनलाइन वेगळं

आपण दोन्हीला 'ऑनलाइन' म्हणतो, पण फरक आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. दिल्लीचं इग्नू त्याच्या चार वर्षं आधीचं, १९८५ चं. पुणे विद्यापीठाचीही मुक्त अध्ययन प्रशाला आहे. मुक्त-दूरस्थ पद्धतीत पुस्तकं मिळतात, अभ्यासकेंद्र असतं, तिथे संपर्कसत्रं होतात. ही पुस्तकं एकट्याने वाचणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात, म्हणून त्यांत मध्ये मध्ये प्रश्न टाकलेले असतात. ऑनलाइन पद्धतीत मात्र शिकवणं, स्वाध्याय, शंका, सगळं इंटरनेटवर चालतं.

आमच्याकडे आषाढात भाताची लावणी सुरू झाली, पाऊस धरला, की वीज कधी जाईल सांगता येत नाही. तुमच्याकडेही असंच असेल तर पुस्तकं हातात देणारी पद्धत बरी. व्हिडिओ रात्री उशिरा उतरवून ठेवायचे, दिवसा ऐकायचे. आर्ट्सला प्रयोगशाळा लागत नाही, ही आपली मोठी सोय आहे.

आता वेळेचा हिशोब. या पद्धतीत एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. असे चार विषय घेतले तर ४८० तास. सहा महिन्यांत वाटले तर आठवड्याला साधारण २० तास, म्हणजे रोजचे जवळजवळ तीन. मला रोज दीडच मिळायचा. म्हणून मी विषय मागे ठेवले आणि जास्त सत्रं घेतली. त्यात लाज नाही. पण 'घरीच तर आहे, होईल' असं धरून चालू नका.

बाजेचे चार पाय

२०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' हे मोफत अभ्यासक्रमांचं व्यासपीठ सुरू केलं. तिथला अभ्यासक्रम चार भागांचा असतो: व्हिडिओ व्याख्यान, वाचायचा मजकूर, स्वतःची चाचणी, आणि चौथी चर्चा. ऑनलाइन पदवीचा साचाही साधारण हाच. मी याला बाजेचे चार पाय म्हणतो.

पहिले तीन पाय बहुतेक ठिकाणी धड असतात. चौथा लंगडा. मी जो एक अभ्यासक्रम केला त्यात चर्चेच्या जागी सगळे एकच विचारत होते, 'स्वाध्यायाची शेवटची तारीख कधी?' हिशेबाच्या विषयात हे चालून जाईल, कारण उत्तर बरोबर की चूक ते पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं. आर्ट्समध्ये तसं नाही. इथे खरा अभ्यास चौथ्या पायावरच उभा असतो. माझ्यावर बेतलं तेच सांगतो.

शिवजन्माच्या तारखेचा वाद असा माझा एक स्वाध्याय होता. मी लहानपणापासून गडाखाली राहतोय, मला काय माहीत नाही? तीन पानं भरली. तपासून आला तेव्हा समासात लाल शाईने दोन प्रश्न: 'पुरावा कोणता? तोच का मानायचा?'

मग बसलो. पूर्वी शिवजन्माचं वर्ष १६२७ मानायचे, बखरींच्या आधारे. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे शक, महिना, तिथी लिहून केलेल्या छोट्या छोट्या नोंदी. आणि हे जेधे कुठले? आपल्या भोर तालुक्यातल्या कारीचे, कान्होजी जेध्यांचं घराणं! त्या शकावलीत जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शिवभारत या संस्कृत काव्यातूनही तीच तिथी मिळते आणि जोधपूरला सापडलेली जन्मपत्रिकाही तेच सांगते. पुढे महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारली.

हे सगळं पाठ करून मी रुबाबात आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग आधीच्यांनी खोटं लिवलं व्हतं का?"

मला उत्तर देता येईना. दोन दिवस गाडीवर तेच डोक्यात. मग उमगलं की प्रश्न खऱ्याखोट्याचा नाहीच. बऱ्याचशा बखरी घटनेनंतर खूप वर्षांनी लिहिल्या गेल्या, ऐकलेलं जुळवून. शकावलीतली नोंद कोरडी आहे, तिला कुणाची थोरवी गायची नाही. आणि एकमेकांशी संबंध नसलेली तीन साधनं एकच तिथी सांगतात, म्हणून पारडं तिकडे झुकतं. उद्या आणखी जुना कागद निघाला तर पुन्हा तोलायचं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "आसं व्हय. मंग हे आधी सांगायचं." दुसऱ्यांदा स्वाध्याय लिहिला तो आईला सांगितलं तसाच. तो मात्र चांगल्या गुणांनी आला.

व्हिडिओने मला माहिती दिली, चाचणीने ती लक्षात आहे का ते बघितलं. पण माझं म्हणणं कुठे कच्चं आहे, हे दुसऱ्या माणसाने विचारल्यावरच कळलं.

मग चौथा पाय आणायचा कुठून?

स्वतः बसवायचा. संपर्कसत्रात तीन जण भेटले, त्यांचे नंबर घेतले. दर रविवारी रात्री नऊला चौघांचा फोन. नियम दोनच. एक, प्रत्येकाने आठवड्यात वाचलेलं एक पान आपल्या शब्दांत सांगायचं. दोन, बाकीच्यांपैकी एकाने मुद्दाम उलट बाजू घ्यायची. तारखांची आणि फॉर्मची चौकशी फोनवर नाही, ती मेसेजवर. पहिले दोन रविवार अवघडल्यासारखं झालं, नंतर वीज गेली तरी अंधारात बसून बोलायचो.

वाचायला पैसे लागतात असंही नाही. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर फुकट आहेत. आपल्या शेजारच्या वाईत ज्याचं काम उभं राहिलं तो मराठी विश्वकोश इंटरनेटवर मराठीत वाचता येतो. आणि साधनं आपल्या दारात आहेत: गडावरचं बांधकाम, घराघरांतले जुने कागद, म्हाताऱ्यांच्या ओव्या.

तर ताई, घरच्यांना सांगा की डिग्री खरी आहे. नोकरी लगेच लागेल असं मात्र सांगू नका, मलाही लागली नाही. मी आजही सकाळी गाडीवर जातो. फरक इतकाच की आता कुणी छातीठोकपणे काही सांगितलं, मग ते गडाबद्दल असो की जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कागद दाखवा." बारा हजार भरले तेव्हा हे सुचलं असतं, तर वर्ष वाचलं असतं.

या आठवड्यात एवढंच करा. यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही बघा, एबीसी आयडी काढा, आणि इतिहासाचं कुठलंही एक पान वाचून रात्री सासूबाईंना सांगा. त्यांनी उलट प्रश्न विचारला, तर तुमचा अभ्यास सुरू झाला असं समजा. काय विचारलं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम.