पुस्तकांत भेटलेली सुमित्रा, तनय आणि गुणा

कोजागरीला वणीच्या गडावर जाऊन आलेल्या कितीतरी जणी आपल्या नामपुरात आहेत. त्या वेळी तृतीयपंथी भक्त सप्तशृंगीच्या दर्शनाला मोठ्या संख्येनं येतात. आपण त्यांना हात जोडतो. आणि गल्लीतला एखादा मुलगा जरा नाजूक चालला, की त्याला 'बायल्या' म्हणणारेही आपणच. अशा माणसांबद्दल मराठी पुस्तकांत काय लिहिलंय, ते आज बोलू.

आधी एक गल्लत दूर करू. जन्मताना मुलगा म्हणून नोंद झाली, पण मन बाईचं, अशी व्यक्ती तृतीयपंथी. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो, त्याचं प्रेम पुरुषावर जडतं. बाईचंही तसंच. आपण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतो.

आनंद यादवांची 'नटरंग' कादंबरी तर याहून वेगळं सांगते. त्यातला गुणा बायकोमुलांचा माणूस, शेतमजूर, पैलवान गडी. तमाशाच्या वेडापायी तो नाच्या होतो, आणि गाव त्याला माणसातून उठवतं. तो समलिंगी नाहीच! नुसतं बाईसारखं दिसणं एवढाच त्याचा गुन्हा. जत्रेत नाच्याला हसताना आम्हालाही हे कधी सुचलं नव्हतं.

बाईचं बाईवर प्रेम, हे मराठी रंगभूमीवर ठळकपणे आणलं विजय तेंडुलकरांनी. 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली आलं, मित्राचं काम रोहिणी हट्टंगडींनी केलं. मित्रा म्हणजे सुमित्रा देव, स्वातंत्र्याआधीच्या काळातली कॉलेजातली मुलगी. लग्नाची बोलणी सुरू होतात तेव्हा तिला स्वतःबद्दल कळतं, की पुरुषाबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही. ती जीव द्यायला जाते, वाचते. पुढे नमा नावाच्या मुलीवर तिचं प्रेम बसतं. सगळं माहीत असलेला एकच मित्र, बापू. तिच्या चिठ्ठ्या पोचवणारा तोच, आणि शेवटी तोही दमतो, तिला दूर करतो. मित्रा जीव देते. आमच्या वाचनाच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "पोरीला घरी बोलायला कुणी नव्हतं का गं?" नाटकभर तेच तर टोचत राहतं.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ सालची. पुण्यातलं साधं घर, वर भाड्यानं राहायला आलेला एक तरुण. घरातला मुलगा तनय आणि बहीण अनुजा, दोघंही त्याच्याच प्रेमात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, तो तिलाही सोडून जातो. ती परत आल्यावर घरात रडारड, बोलणी, काळजी, सगळं होतं. तनयनंही तेच माणूस गमावलेलं असतं. त्याचं दुःख मात्र कुणाला माहीतच नाही, म्हणून त्याला कुणी जेवलास का एवढंही विचारत नाही.

आता कायद्याचं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं समलिंगी नातं हा गुन्हा नाही. लग्नाला मात्र अजून मान्यता नाही. आणि आपल्याकडे 'लग्न झालं की सुधरेल' म्हणून मुलाला बोहल्यावर चढवतातच. त्यात दुसऱ्याच्या घरातली एक मुलगी फसते, हे बोलताना आपण विसरतो. तिला वर्षानुवर्षं वाटत राहतं, माझ्यातच काही कमी आहे. त्या बायकोची बाजू कुणीतरी सविस्तर लिहावी, असं आम्हाला फार वाटतं.

आईची बाजू चेतन दातारांनी मांडली आहे. '१ माधवबाग' या नाटकात रंगमंचावर एकटी आई बोलते. मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर तिला काय काय वाटलं, ते सांगते. ज्यांच्या घरात वयात आलेली मुलं आहेत, त्यांनी ते मिळवून जरूर वाचा. मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवलंत, तरी चालेल.