भरल्या पोटीं उपासमार

तळ्याचें पाणी कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडासमोर धरिलें, तर त्यांत टुणटुण उड्या मारणारे पांढुरके ठिपके पुष्कळदां दिसतात. त्यांस जलपिसवा म्हणतात. नांव पिसवेचें असलें, तरी हा प्राणी कीटक नव्हे. तो कोळंबी व खेंकडा यांच्या गोतांतला आहे. त्यांपैकीं डॅफ्निया या जलपिसूचा अभ्यास शास्त्रज्ञांनीं विशेष केला आहे.

गाय जशी कुरणांत, तशी ही पाण्यांत चरते. तिचें गवत म्हणजे पाण्यांत तरंगणारें सूक्ष्म शैवाल. पायांवरील केसांच्या चाळणीनें ती तें गाळून घेते. गाय निदान कोंवळा पाला निवडते. जलपिसूस तशी निवड फारशी करितां येत नाहीं. पुढें लहान मासे तिला खातात, आणि त्यांवर मोठे मासे जगतात. म्हणून ती खुरटली, तर माशांसहि त्याची झळ पोंचते.

आतां कोणासहि वाटेल कीं, पाणी जितकें हिरवें, तितकी तिची चंगळ. परंतु तसें नेहमींच होत नाहीं. शेतकरी खताच्या संबंधांत नत्र, स्फुरद व पालाश हीं नांवें घेतो. त्यांतील स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, जलपिसूस वाढीसाठीं पुष्कळ लागतें. तिच्या वाळलेल्या शरीराच्या शंभर भागांत तें एक ते दीड भाग असतें, आणि हें प्रमाण ती फारसें बदलूं देत नाहीं. शैवालाचा स्वभाव निराळा. पाण्यांत स्फुरद कमी असलें, तरी भरपूर उन्हांत तें कर्ब सांठवून वाढत राहतें. अशा वेळीं स्फुरदाच्या एका अणूमागें कर्बाचे 1000 अणूहि त्यांत आढळतात. हें प्रमाण सुमारें 300 च्या पुढें गेलें, म्हणजे जलपिसूची वाढ मंदावते. नकोसा कर्ब बाहेर टाकण्यांतहि तिची शक्ति खर्च होते.

1996 सालीं जोतारो उराबे व रॉबर्ट स्टर्नर यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्फुरद कमी असतां उजेड वाढविला, तेव्हां शैवाल वाढलें. परंतु तें खाणाऱ्या डॅफ्नियाची वाढ मात्र घटली! दुसऱ्या कांहीं प्रयोगांत तसलेंच निकृष्ट शैवाल थोडा वेळ स्फुरदयुक्त द्रावणांत ठेवून मग खाऊं घातलें. शैवालानें स्फुरद झटकन शोषून घेतलें, आणि तें खाऊन जलपिसवांची वाढ सुधारली. यावरून उणीव अन्नाच्या राशींत नसून त्याच्या कसांत होती, हें स्पष्ट झालें.

डॅफ्नियाचें शरीर पारदर्शक असतें. सूक्ष्मदर्शकाखालीं तिचें धडधडणारें हृदय, हिरवें आंतडें व पाठीकडील अंड्यांची पिशवी हीं सर्व दिसतात. निकृष्ट अन्नावर वाढलेल्या जलपिसूचें आंतडें हिरवेंगार भरलेलें असतें, आणि पिशवींत अंडीं मात्र थोडीं किंवा मुळींच नसतात. आपलीं शरीरें अशीं पारदर्शक नाहींत. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं मुलाचें ताट भरलें कीं नाहीं एवढेंच न पाहतां, त्यांत भाताबरोबर डाळ व पालेभाजीहि आहे ना, हेंहि पाहावें. आणि मुलांनीं ती पानांत टाकूं नये.