कुंपणाला आवाजाची जोड
नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावाच्या शिवारात पीक राखायचं म्हणजे माळ्यावरून हाकारे घालायचे, डबा बडवायचा, गोफण फिरवायची. त्याऐवजी रात्रभर भोंगा किंवा गाणी लावून ठेवली, की गल्लत होते. रानडुक्कर आवाजाला बिचकतं ते मागोमाग माणूस येईल म्हणून. तेच गाणं रोज वाजलं आणि कुणी आलंच नाही, तर ते सरावतं. माणसाच्या बोलण्याचा धाक मात्र खोल असतो. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर उद्यानात पाणवठ्यांवर ध्वनिमुद्रणं वाजवली, तेव्हा सिंहांच्या आवाजापेक्षा माणसांच्या साध्या बोलण्याने प्राणी पळण्याची शक्यता दुप्पट निघाली. हा अभ्यास 2023 सालचा. मग बोलणंच लावून ठेवावं का? सतत वाजलं तर तेही बोथट होईल, शिवाय गावाची झोप मोडेल. म्हणून आवाज हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला जोडावा, वरचेवर बदलावा आणि पाठीशी सौर कुंपणाचा क्षणिक झटका ठेवावा, म्हणजे धमकी खरी ठरते. खर्चाचा आक्षेप रास्त आहे. पण सेन्सर साऱ्या बांधावर नकोत, जनावरांच्या नेहमीच्या वाटांवर पुरेत. तारेत थेट घरगुती वीज सोडणं हा मात्र स्वस्त पर्याय नव्हेच; त्यात माणसं मरतात, आणि तो गुन्हाही आहे.