गप्प टॅपेट आणि शिमचा शोध
जुन्या गाडीची देखभाल : लेखांक 6

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला रोज कामाला जाणाऱ्यांच्या गाड्यांची परीक्षा रोजच होत असते. सुमारे बारा किलोमीटरच्या वळणांत गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक उंची चढते. मागे माणूस, टाकीवर पिशवी, गिअर दुसरा. अशा चढावर दहा-पंधरा वर्षे काढलेली गाडी मग एखाद्या दिवशी सकाळी किक मारून मारून दमवते. चालू झालीच, तर सिग्नलला बंद पडते आणि इंजिन तापले की ताकद सोडते. प्लग बदलून होतो, कार्बोरेटर धुऊन होतो, फरक पडत नाही. मग गॅरेजमध्ये निदान होते, ‘पंपिंग गेलंय’, आणि पिस्टन-रिंगच्या खर्चाचा आकडा पुढे येतो. पुष्कळदा मात्र दुखणे पिस्टनमध्ये नसतेच. ते वर, हेडमध्ये असते, आणि तिथे कोणी फिलर गेज (फट मोजायची पाती) घातलेलाच नसतो.

मागच्या लेखांकात कार्बोरेटर पाहिला. कार्बोरेटरमधून आलेले मिश्रण आत घेणारा आणि जळालेला धूर बाहेर सोडणारा असे दोन व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. काही इंजिनांत चार. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 3000 वेळा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. मिटताना तो आपल्या सीटवर पूर्ण टेकला पाहिजे. व्हॉल्व्हची दांडी तापली की लांबते. थंड असतानाच ती, कॅमच्या हुकमाने तिला दाबणाऱ्या रॉकरला चिकटून असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्हला टेकायला जागाच उरणार नाही. म्हणून दोहोंत बारीक फट सोडतात. ही फट जुळवायचा भाग म्हणजे टॅपेट. बजाज पल्सर 150 ला इनलेटची फट 0.05 मिमी आणि एक्झॉस्टची 0.10 मिमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, म्हणून त्याला जास्त मोकळीक.

ही फट मोठी झाली की टॅपेट टकटक वाजतो. फट बुजत आली की तो गप्प होतो. गाडी सुधारली असे वाटून मालक खूश होतो, आणि धोका सुरू होतो तो नेमका इथून.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटवर टेकलेल्या क्षणांत हेडमध्ये उतरते. थोडी दांडीवाटे गाइडमध्ये जाते. टेकणेच अपुरे राहिले, तर उष्णतेची वाट बंद होते, फटीतून जळता वायू निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळून खाचते. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीट या दोन्हींचे काम करावे लागते. सैल टॅपेटने रॉकर आणि कॅम ठोकून झिजतात, थोडी ताकद जाते. तेही वाईटच, पण ते आधी आवाजाने कळवते. घट्ट टॅपेट काहीच कळवत नाही. तरीही ‘टॅपेटचा आवाज बंद करून द्या’ ही गिऱ्हाइकाची नेहमीची मागणी असते, आणि कानावर भरवसा ठेवून स्क्रू आवळला जातो. आवाज बंद करण्याच्या या हट्टानेच चांगली इंजिने अकाली हेडच्या कामाला येतात.

वापराने फट वाढतेच असे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. रॉकर आणि कॅम झिजले की ती वाढते. पण व्हॉल्व्ह आपल्या सीटवर आपटून आपटून सीटमध्ये रुतत जातो, तसे दांडीचे टोक वर सरकते आणि फट कमी होते. पूर्वी पेट्रोलमधल्या शिशाचा थर सीटला थोडे संरक्षण देई. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. त्याआधीची चार-स्ट्रोक गाडी अजून वापरात असेल, तर तिची फट तपासण्याचा कंटाळा करू नये.

या भागातल्या जुन्या हातांची घडण मात्र टॅपेटवर झाली नव्हती. 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना साताऱ्यातच होता आणि तिथून प्रिया स्कूटर बाहेर पडत असे. प्रिया, राजदूत, येझदी, पुढे आरएक्स 100, सगळी टू-स्ट्रोक इंजिने. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो-मिटतो. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाही, रॉकर नाही, टॅपेट नाही. अपवाद बुलेटचा. तिच्या बीडाच्या इंजिनात थंड असताना फट जवळजवळ शून्य ठेवायची असते. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तिथे फिलर गेजची गरजच नव्हती, बोटांची जाण पुरे होती. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असे तिच्या जाहिरातीचे सांगणे. गाडी खरोखरच तेवढी काटक निघाली. लोक पेट्रोलबरोबर टॅपेटही विसरले.

वास्तविक या गाड्यांचे टॅपेट घरीही तपासता येतात. इंजिन पूर्ण थंड हवे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी हाताळावी, घाट उतरून आल्यावर तासाभराने नव्हे. हेडवरच्या दोन टॅपेट कॅप आणि मॅग्नेट कव्हरच्या दोन कॅप उघडायच्या, पाना लावून मॅग्नेट इंजिन फिरते त्याच दिशेने फिरवायचा आणि ‘टी’ खूण जुळवायची. पण पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलत असतील, तरच तो कॉम्प्रेशनचा वरचा बिंदू. एखादा रॉकर ताठ लागला, तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. ही पायरी चुकली, तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ. गेजची पाती फटीत घातल्यावर ओढताना हलका अडखळा जाणवावा. चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून नट आवळल्यानंतर पुन्हा मोजायचे. हे दुसरे मोजमाप कधीही टाळू नये.

इथवरचे काम स्क्रूचे. शिमच्या इंजिनात फिरवायला स्क्रूच नसतो. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कडक पोलादाची एक छोटी गोल चकती बसलेली असते. तिची जाडी हीच फटीची जुळणी. हलके, वेगाने फिरणारे इंजिन हवे असले की कारखाने ही पद्धत घेतात, कारण हलणारे वजन घटते आणि एकदा बसवलेले माप दीर्घकाळ टिकते. बजाजने 2009 मध्ये भारतात आणलेली कावासाकी निंजा 250 आर, 2011 ची होंडा सीबीआर 250 आर, चाकणला बनू लागलेल्या केटीएमच्या 200 ड्यूक (2012) आणि 390 ड्यूक (2013) या सगळ्या शिमच्या. त्या वेळी हौसेने घेतलेल्या या गाड्या आता दशक उलटून जुन्या झाल्या आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती तालुक्याच्या गावांत फिरत आहेत, आणि त्यांचे टॅपेट एकदाही उघडले गेले नसण्याची शक्यता बरीच.

निंजा 250 आर चे उदाहरण घेऊ. दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, म्हणजे आठ शिम. इनलेटची फट 0.15 ते 0.24 मिमी आणि एक्झॉस्टची 0.22 ते 0.31 मिमी. समजा, एका एक्झॉस्टची फट 0.20 मिमी भरली आणि आत 2.60 मिमीची शिम आहे. हिशेब सरळ आहे : जुन्या शिमची जाडी, अधिक मोजलेली फट, वजा हवी असलेली फट. मधले माप 0.27 धरले, तर 2.60 + 0.20 − 0.27 = 2.53 मिमी. शिम 0.05 च्या टप्प्याने मिळत असतील, तर 2.50 किंवा 2.55 यांतून निवड करायची. 2.55 ने फट 0.25 होईल, 2.50 ने 0.30. दोन्ही मर्यादेत आहेत. तरी 2.50 घेणे शहाणपणाचे, कारण या इंजिनात काळाबरोबर फट बुजत जाते; वरच्या अंगाला ठेवलेले माप जास्त टिकते.

हिशेब सोपा, काम मात्र नाजूक. या इंजिनात शिम व्हॉल्व्हवरच्या बकेट नावाच्या वाटीखाली असते, म्हणून कॅम उतरवावे लागतात. टायमिंगच्या खुणांचे आधी फोटो घ्यावेत, चेन तारेने बांधून ठेवावी, कॅमच्या टोप्यांचे बोल्ट सगळीकडून थोडे थोडे सैल करावेत आणि परत आवळताना टॉर्क पानाच वापरावा. अंदाजाने आवळून टोपी तडकली, तर कित्येकदा संपूर्ण हेडच बदलावे लागते. सीबीआर 250 आर मध्ये होंडाने रॉकर बाजूला सरकवून कॅम न काढता शिम बदलण्याची सोय ठेवली, ती मेकॅनिकवर उपकार करणारी रचना म्हणायला हवी.

आता शिम मिळवायची कुठून? होंडाच्या काही इंजिनांसाठी 1.200 पासून 2.800 मिमीपर्यंत 0.025 च्या टप्प्याने 65 जाड्यांच्या शिम असतात. एवढ्या सगळ्या कुठलाही डीलर फळीवर ठेवत नाही. प्रत्येक जाडीचा पार्ट नंबर वेगळा असतो. तो देऊनच मागणी नोंदवावी लागते. निंजाच्या मालकांना आणखी एक वळसा पडला. बजाज आणि कावासाकी यांची भारतातली विक्री-सेवेची भागीदारी 1 एप्रिल 2017 ला संपली, आणि ज्या दालनातून गाडी घेतली तिथे सुटे भाग मिळणे थांबले.

पहिला शोध इंजिनातच घ्यावा. आठही शिम काढून मायक्रोमीटरने मोजल्या, की काही आपापसांत बदलून बसतात आणि विकत घ्याव्या लागतात त्या उरलेल्याच. कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये. तो पुसट होतो आणि चकती थोडी झिजलेलीही असते. त्यानंतर पुण्यात नाना पेठेतली सुट्या भागांची दुकाने आहेतच. तिथे जाताना गाडीचे नाव सांगून भागत नाही. शिमचा व्यास आणि जाडी दोन्ही लिहून न्यावी. अनेक जपानी इंजिनांत साधारण साडेसात किंवा साडेनऊ मिमी व्यासाच्या शिम असतात, त्यामुळे व्यास तंतोतंत जुळला तर दुसऱ्या कंपनीची शिमही चालते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरपासून सातारच्या एमआयडीसीपर्यंत सरफेस ग्राइंडरची या पट्ट्यात वाण नाही. साहजिकच जाड शिम घासून पातळ करून घेण्याचा सल्ला मिळतो. कावासाकीचे मॅन्युअल याला स्पष्ट मनाई करते : घासलेली शिम फुटू शकते, आणि शिमखाली पत्र्याचा तुकडा सारला तर जास्त फेऱ्यांवर शिम उडून इंजिनाची नासधूस होते. कारागीर कितीही कुशल असला, तरी हा सल्ला नाकारावा.

त्यापेक्षा दुसरी वाट हाताशी आहे. काढलेली शिम बहुधा निकामी नसते. या गाडीला जाड झालेली चकती दुसऱ्या गाडीला नेमकी बसते. आज ती खोक्यात किंवा भंगारात जाते. वाई, सातारा, कराड, सांगली इथल्या मोठ्या गाड्यांची कामे करणाऱ्या गॅरेजांनी काढलेल्या शिम मोजून, व्यास-जाडी लिहिलेल्या पुड्यांत ठेवल्या आणि अदलाबदल सुरू केली, तर आठवडाभर उघडी पडून राहणारी गाडी दोन दिवसांत रस्त्यावर येईल. मालकांनीही आपला वाटा उचलावा. काम झाल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हची फट, बसवलेली शिम आणि त्या दिवशीचे किलोमीटर कागदावर लिहून मागावेत आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपावा. गाडी विकताना तो नव्या मालकाला द्यावा.

पुढच्या लेखांकात टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर.