बरं वाटणं आणि बरं असणं : दवाखान्यातला योग

मंडळी, मला विषय दिला आहे ‘आरोग्यसेवेत योगाचा समावेश’. शब्द भारी आहेत, म्हणून जरा खाली उतरवतो. सरकारी दवाखान्यात बीपीचा, शुगरचा पेशंट येतो. त्याला गोळीबरोबर योगही द्यायचा असेल तर कसा द्यायचा? आणि तो लागू पडला हे ठरवायचं कोणी, पेशंटनं की मशीननं? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण हा दुसरा प्रश्न आमच्याच घरचा आहे. आम्ही त्याला प्रमाणाचा प्रश्न म्हणतो. एखादी गोष्ट खरी आहे, हे कशाच्या आधारे मानायचं?

आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. “मले आता बरं वाटून राह्यलं, मंग गोयी काहून खाऊ?” हे वाक्य अडाणीपणाचं नाही बरं का. साध्या सर्दी-पडशात ते बरोबरच असतं. रक्तदाबात मात्र तेच घात करतं, कारण हा आजार बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. माणूस ठणठणीत दिसतो आणि वरचा आकडा १७० असतो. त्यात तो योगाच्या वर्गाला जायला लागला, झोप चांगली लागली, अंग हलकं झालं. हे सगळं खरं आहे, भास नाही. मग कोणीतरी म्हणतं, सोडा गोळ्या, प्राणायाम पुरे. गोळी सुटते, आणि एक दिवस लकवा मारतो. नाव मग योगाचं खराब होतं.

योगाला मापाची सवय लावण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रातल्याच एका माणसानं केलं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. अमळनेर म्हटलं की आम्हा लोकांना तत्त्वज्ञान मंदिर आठवतं, पण ते असो. बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली यांचा क्ष-किरणांखाली अभ्यास केला, आतड्यातला दाब मोजला. नौलीत तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं. त्या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. ‘अनुभव घ्या म्हणजे कळेल’ एवढ्यावर ते थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे १९६९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामच्या डॉ. विनेकरांसह एक अभ्यास छापला. रक्तदाबाचे ४७ रुग्ण, रोज अर्धा तास शवासन. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. कमी केली ती डॉक्टरांनी, मोजून. पण शंका उरतेच. नुसतं शांत पडून राहिल्यानंही दाब उतरला असेल की! १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ही शंका तपासली. ३४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला शिथिल होण्याचं शिक्षण दिलं, दुसरा नुसता विश्रांती घेत होता. दोन्हींचा दाब उतरला, पण शिकवलेल्यांचा कितीतरी जास्त. म्हणजे पडून राहणं वेगळं आणि शवासन वेगळं. शिकवणारा माणूस लागतो.

आता उलट बाजू. भारतातल्या २४ रुग्णालयांत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ लोकांवर मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. योगाच्या गटात पुन्हा झटका येणं, मृत्यू वगैरे गोष्टी ठोसपणे कमी झाल्या, असं सिद्ध करता आलं नाही. पण ती माणसं स्वतःची तब्येत अधिक चांगली सांगत होती आणि नेहमीच्या कामाला अधिक चांगली परतली होती. ज्याला परत औत हाकायचं आहे त्याला विचारा, ही गोष्ट लहान आहे का? तेव्हा पेशंटचं सांगणं खोटं ठरवायचं नाही. बरं वाटणं हे योगाचं खरं फळ आहे, फक्त त्यावरून बीपीचा आकडा ओळखता येत नाही. पतंजलींनी योगातले नऊ अडथळे सांगितले आहेत. त्यात पहिला व्याधी, आणि त्याच यादीत पुढे भ्रांतिदर्शन, म्हणजे नाही ते आहे असं दिसणं. योगशास्त्रालाही हा धोका माहीत होता!

आपल्या वाशीमकडे येऊ. २०२४ मध्ये इथं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. गावोगावच्या उपकेंद्रांवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे आणि तिथल्या कामांत योगही धरलेला आहे. पण वर्ग भल्या सकाळी ठेवला तर येणार कोण? सोयाबीनच्या हंगामात बाई त्या वेळी भाकऱ्या थापून शेताची वाट धरते. रिटायर झालेले आम्हीच येऊ, पांढरे कपडे घालून. माझं मत असं की महिन्याच्या गोळ्या घ्यायला माणसं येतात त्याच दिवशी, रांगेत ताटकळण्याच्या वेळात, वीस मिनिटं शिकवा. सतरंजी पुरते. बाकीचे दिवस घरी, रात्री निजण्याआधी. शिकवणाऱ्याला काय टाळायचं तेही माहीत हवं. वाढलेल्या बीपीत श्वास रोखून धरणं नको, जोरात भस्त्रिका नको, डोकं खाली करणारी आसनं नकोत. काचबिंदूवाल्याला शीर्षासन तर नकोच.

आणि हे सगळं केसपेपरवर लिहा. औषधाच्या ओळीखाली आणखी एक ओळ, घरी किती दिवस केलं आणि झोप कशी आहे, पेशंटच्या शब्दांत. शेजारी त्या दिवशीचं बीपी. गोळी कमी करायची की नाही, हे दोन्ही बघून डॉक्टर ठरवतील. योगशिक्षकानं त्यात पडू नये.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.