डेनिमला सुई लावताना

कानडीत ‘होलिगे’ म्हणजे शिवण आणि ‘होळिगे’ म्हणजे पुरणपोळी. ल आणि ळ यांची गल्लत झाली, की शिंप्याच्या दुकानात जाऊन पुरणपोळी मागितल्यासारखे होते. आपल्या भागातल्या घरांना ही गंमत समजावून सांगावी लागत नाही. मराठीतला शिंपी कानडीत ‘सिंपिग’ होतो, सुईची ‘सूजी’ होते आणि कात्रीची ‘कत्तरी’. शिवणकामाचे शब्द दोन्ही भाषांत असे भिंतीला भिंत लावून राहतात. ‘डेनिम’ हा शब्द मात्र दोन्हीकडे पाहुणा आहे.

पाहुणा खरा, पण आता मुक्कामालाच आला आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलापासून शेतावर जाणाऱ्या काकांपर्यंत सगळ्यांच्या अंगावर जीन्स दिसते. तरीही घरात शिवणयंत्र असलेल्या बायका या कापडाला हात लावायला कचरतात. परकर, झबली, ब्लाऊज सहज शिवणारी गृहिणीसुद्धा जीन्सचा पायघोळ कमी करायचा म्हटले की, ‘आमच्या मशिनवर नाही जमत’ असे म्हणून मोकळी होते. वास्तविक साध्या पायमशिनवर हे काम उत्तम होते. त्यासाठी कापडाचा स्वभाव तेवढा ओळखावा लागतो.

कापडाचा स्वभाव

डेनिम हे मुळात सुती कापड. त्याचा उभा धागा निळीने रंगवलेला आणि आडवा धागा पांढरा असतो. विणताना आडवा धागा बहुधा तीन उभ्या धाग्यांखालून आणि एकावरून जातो. त्यामुळे वरच्या बाजूला निळा रंग जास्त दिसतो, आतली बाजू पांढरट राहते आणि कापडावर तिरप्या रेघा उमटतात. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसतो. म्हणूनच जीन्स गुडघ्यावर, खिशाच्या कडेला विटत जाते. इतर कापडात जो दोष ठरला असता, तो इथे शोभा ठरला.

डेनिमची जाडी औंसात मोजतात. एक चौरस यार्ड कापडाचे वजन किती औंस, हे ते माप. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. सहा ते आठ औंसाचे कापड शर्ट, फ्रॉक, कुर्ता यांना पुरे. दहा ते बारा औंसाची पँट होते आणि चौदा औंस म्हणजे भक्कम, कष्टाच्या कामाची जीन्स. पहिल्यांदाच शिवणाऱ्याने आठ औंसाच्या आसपासचे कापड घ्यावे. दुकानदाराला औंस सांगता आले नाहीत, तर कापडाची चौपदरी घडी बोटांत दाबून पाहावी. ती सहज दबत नसेल, तर सुरुवातीला ते कापड नकोच.

एका शिंप्याची युक्ती

फ्रान्समधल्या नीम शहराच्या कापडावरून ‘डेनिम’ आणि इटलीतल्या जिनोआ बंदरावरून ‘जीन’ हे शब्द आले, असे बहुतेक कोशकार मानतात. ‘डंगरी’ हा तिसरा शब्द मात्र आपल्या घरचा. मुंबईतल्या डोंगरीच्या नावावरून ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी नेले आणि कामगारांच्या पोशाखाला त्यावरून नाव पडले.

आज आपण जिला जीन्स म्हणतो, ती मात्र जन्मली एका शिंप्याच्या दुकानात. जेकब डेव्हिस हा अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या रीनो गावचा शिंपी. एका मजुराच्या बायकोने त्याच्याकडे नवऱ्यासाठी लवकर न फाटणारी विजार मागितली. खिशांच्या कोपऱ्यांवर ताण येतो आणि शिवण तिथेच उसवते, हे डेव्हिसला अनुभवाने ठाऊक होते. त्याने त्या जागी तांब्याचे रिव्हेट ठोकले. विजार टिकली आणि गिऱ्हाइके वाढली. पण पेटंट घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा ज्याच्याकडून तो कापड घेई, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिव्हाय स्ट्रॉस या व्यापाऱ्याला त्याने पत्र लिहिले. २० मे १८७३ रोजी दोघांना मिळून पेटंट मिळाले. पुढे जगभर नाव झाले ते व्यापाऱ्याचे. शिंप्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

आपल्या देशातही जीन्सचा आणि शिंप्याचा असाच एकदा मेळ बसला होता. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ नावाने न शिवलेली जीन्स बाजारात आणली. एका पाकिटात पँटपुरते डेनिम, चेन, रिव्हेट आणि कमरेवर लावायचा बिल्ला. किंमत दोनशे रुपयांच्या आत. पाकीट घ्यायचे आणि गावातल्या शिंप्याकडून मापाने शिवून घ्यायचे. ज्यांना तयार जीन्स परवडत नव्हती, त्यांच्या अंगावर ती आली आणि लहान गावांतल्या शिंप्यांनाही जाड कापडावर हात बसवायला मिळाला.

कात्री लावण्याआधी

नवे डेनिम आणले की ते आधी धुवावे. सुती कापड पाण्यात आटते आणि डेनिम जास्तच आटते. न धुता शिवलेली पँट पहिल्याच धुण्यात घोट्याच्या वर जाते. ‘सॅनफोराइझ्ड’ असे लिहिलेले कापड कारखान्यातच आटवलेले असते. तरीही एकदा धुतलेले बरे. कडा उसवू नयेत म्हणून दोन्ही टोकांना आधी एक टीप मारून घ्यावी. कापड चुरगाळून बादलीत कोंबू नये, नाहीतर घडीच्या जागी पांढऱ्या रेघा पडतात आणि त्या जात नाहीत. ओल्या डेनिमचा निळा रंग लागतो, तेव्हा बाकीच्या कपड्यांपासून ते लांब ठेवावे. फिकट साडी नेसून नवे डेनिम मांडीवर घेऊन बसू नये, हेही सांगून ठेवते.

कापताना दुपदरी घडीवर कात्री चालवण्यापेक्षा एकेक पदर कापावा. जाड कापडाची वरची घडी सरकते आणि दोन पाय दोन मापांचे होतात. सगळे तुकडे उभ्या धाग्यालाच धरून ठेवावेत. थोडे तिरके गेले, तर धुतल्यावर पँटची शिवण पायाभोवती फिरते. अर्धा इंच माया पुरते. जिथे दुमड शिवण घालायची, तिथे पाऊण इंच ठेवावी.

सुई, दोरा आणि टीप

निम्मी भीती सुईच्या नंबरात आहे. ब्लाऊजसाठी लावलेल्या ११ नंबरच्या सुईने डेनिम शिवायला गेले, की सुई वाकते, टाके सुटतात, कधी सुई तुटून तुकडा उडतो. डोळ्यांना धोका असतो तो इथेच. हलक्या डेनिमला १४, पँटच्या कापडाला १६ आणि अगदी जाडाला १८ नंबरची सुई लावावी. सुई नवी असावी. बोथट सुई कापडाला भोक न पाडता नुसते धक्के देते.

दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा घर्षणाने लवकर झिजतो. वरून दिसणाऱ्या टिपेसाठी तांबूस-नारिंगी जाड दोरा वापरायचा असेल, तर तो सुईतच ओवावा आणि बॉबिनमध्ये साधा दोरा ठेवावा. दोन्हीकडे जाड दोरा घातला, तर खाली गुंता होतो. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटरचा ठेवावा. बारीक टाक्याने कापडाला भोकांची रांग पडते आणि ते तिथूनच फाटते.

जीन्सच्या पायाच्या आतल्या बाजूला दोन समांतर टिपा दिसतात. तीच दुमड शिवण. दोन तुकडे जोडल्यावर एका बाजूची माया निम्मी कापायची, दुसरीने तिला दुमडून झाकायचे आणि वरून टीप मारायची. कापडाची कड कुठेच उघडी राहत नाही. पायाची बाहेरची शिवण बहुधा साधी, इंटरलॉक केलेली असते. म्हणून जीन्स अंगात कमी करायची तर साधी बाजू उसवावी, दुमडीच्या वाटेला जाऊ नये.

मशिन अडते ते जाड सांध्यावर. तिथे कापडाचे सहा-आठ थर एकत्र येतात. प्रेसर फूट पुढून उचलला जातो, मागून खाली राहतो आणि कापड सरकतच नाही. अशा वेळी जोराने पाय मारू नये. फुटाच्या मागच्या बाजूखाली कापडाचीच घडी किंवा पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा. फूट सपाट झाला, की दाते कापड ओढू लागतात. ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घालावेत. शिवण्याआधी सांध्यावर जुने फडके टाकून हातोडीने दोन-चार ठोके दिले, तर तो दबून निम्मा होतो. शिंप्याच्या दुकानात हातोडी कशाला, या प्रश्नाचे उत्तर हेच.

पायघोळ कमी करताना

जीन्सच्या तळाची मूळ पट्टी विटून छान झालेली असते. ती कापली, की नवी दुमड परकी दिसते. ती वाचवायची एक सोपी रीत आहे. समजा, चार इंच कमी करायचे आहेत. तळ बाहेरच्या बाजूने वर दुमडावा. मूळ पट्टीच्या वरच्या टिपेपासून दुमडीपर्यंतचे अंतर निम्मे, म्हणजे दोन इंच ठेवावे. पट्टीला अगदी लागून, पण तिच्यावर न चढता, सभोवार टीप मारावी. दुमडलेला भाग आत ढकलून पट्टी खाली ओढली आणि ओले फडके टाकून इस्त्री फिरवली, की जोड ध्यानातही येत नाही. वाढत्या वयाच्या मुलाची पँट असेल, तर आतला भाग कापू नये. पुढच्या वर्षी टीप उसवून उंची परत देता येते.

ठिगळाचेही असेच. भोक पडण्याची वाट पाहू नये. मांडीजवळ कापड पातळ होऊन पांढरे धागे दिसू लागले, की आतून धुतलेल्या पातळ डेनिमचा तुकडा लावून वरून पुढे-मागे टिपा माराव्यात. भोक पडल्यावर जे ठिगळ दिसते, ते आधी लावले तर फारसे दिसत नाही.

वाकळ आणि कौदी

अगदीच जीर्ण झालेल्या जीन्सचीही आपल्या भागात सोय आहे. मराठीतली वाकळ, कानडीतली कौदी. हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत मध्याकडे जातात. डेनिम वाकळीत घ्यायचे तर शिवणी, खिसे, नेफा काढून टाकावा आणि मांडीचा सपाट भाग वापरावा. वर डेनिमचा एकच थर आणि खाली जुनी सुती साडी. दोन्हीकडे डेनिम घातले, तर हाताची सुई बोटे सोलून काढते आणि वाकळ पावसाळ्यात वाळता वाळत नाही. काढलेले खिसे बाजाराच्या पिशवीला लावावेत. दोन पायांची एक पिशवी दहा किलो तांदूळ विनातक्रार वाहते.

आता थोडे दुसऱ्या बाजूबद्दल. दुकानात मुद्दाम विटवलेल्या, फाडलेल्या जीन्स मिळतात. जुनेपणाचा तो देखावा आणण्यासाठी कापडावर जोराने वाळूचा फवारा मारत. त्या वाळूची बारीक धूळ कामगारांच्या छातीत बसून त्यांना सिलिकोसिस झाला. तुर्कस्तानात तरुण कामगार त्याने दगावले आणि २००९ मध्ये तिथे या पद्धतीवर बंदी आली. आपल्या राज्यातले बळ्ळारी शहर जीन्स शिवण्यासाठी ओळखले जाते. तिथे कित्येक कुटुंबांची चूल शिवणयंत्रावर पेटते. पँटवरची प्रत्येक टीप कुणाच्या तरी हाताखालून गेलेली असते, हे दुकानातल्या झगमगाटात दिसत नाही. स्वतः एकदा तो जाड सांधा ओलांडला, की कळते.

डेनिम आपोआप विटते, त्याला घाई करावी लागत नाही. घरातली जी जीन्स ‘आता टाकून देऊ’ म्हणून बाजूला ठेवली असेल, ती बाहेर काढा. १६ नंबरची सुई काही महाग नाही. आणि घरी जमलेच नाही, तर गल्लीतल्या शिंप्याकडे न्या. होलिगे म्हणा किंवा शिवण म्हणा, त्याला दोन्ही कळते.